मदत हवी आहे : बाह्य हार्ड डिस्कचा खरा वेग मोजायचा कसा?

रुमालवाला
मोडी कागदपत्रांच्या रुमालांची (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांची) छायाचित्रे, एकूण सुमारे १.६ टेराबाइट, नव्या बाह्य हार्ड डिस्कवर उतरवायची आहेत. खोक्यावर ५ गिगाबिट असा वेग छापला आहे. प्रत्यक्षात कॉपी सुरू केली की पहिली काही सेकंदे दर सेकंदाला ४०० मेगाबाइट दिसतात, मग आकडा घसरून ३४ वर येतो आणि लहान फायलींचा फोल्डर लागला की ५ च्याही खाली जातो. यांतला खरा वेग कोणता आणि तो मोजायचा कसा, एवढेच सांगावे. डिस्क न्यायला शुक्रवारी सकाळी माणूस येणार आहे, त्यामुळे ‘नवे काहीतरी विकत घ्या’ छापाची उत्तरे कृपया नकोत.

खटपट्या
संगणकात विंडोज आहे की लिनक्स, रॅम किती, मूळ फायली कशावर आहेत, डिस्क कोणत्या पोर्टला आणि कोणत्या केबलने जोडली आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

झटपट
फिरत्या चकतीची डिस्क घेतलीत, तिथेच चूक झाली. मी दोन वर्षांपूर्वी एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) घेतली आणि तेव्हापासून वेग मोजण्याची वेळच आली नाही.

पेंग्विनप्रेमी
पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे आणि डीडी आज्ञेने १ गिगाबाइटची शून्यांची फाइल डिस्कवर लिहावी, ती संपताना वेग स्वतःच सांगते. माझ्या जुन्या डिस्कवर मला १,२०० मेगाबाइट मिळाले होते.

निवृत्त_अभियंता
पेंग्विनप्रेमी, कोणतीही फिरती डिस्क १,२०० मेगाबाइटने लिहीत नाही. आपण रॅमचा वेग मोजलात. माहिती आधी रॅममध्ये साठते, तेवढ्यावर आज्ञा ‘काम झाले’ म्हणते आणि डिस्क मागाहून सावकाश लिहीत बसते. डीडीला एफडेटासिंकचा पर्याय दिला, तर शेवटचा बाइट डिस्कवर पोहोचेपर्यंतचा काळ धरला जातो. धागाकर्त्यांना सुरुवातीला दिसणारे ४०० हेही असेच उधारीचे आहेत.

पेंग्विनप्रेमी
पर्याय लिहायचा राहिला, हे मान्य. पद्धत मात्र चुकीची नाही.

मधुमालती
आपली डिस्क २ ऐवजी १.८१ टेराबाइट दिसत असेल तर घाबरू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत.

रुमालवाला
मधुमालतीताई, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, पण आभारी आहे. विंडोज १०, रॅम ८ गिगाबाइट, मूळ फायली एसएसडीवर, पोर्ट निळे, म्हणजे यूएसबी ३.० चे. लिनक्स बसवायला मला वेळ नाही.

निवृत्त_अभियंता
मग विंडोजमधलीच रोबोकॉपी आज्ञा वापरावी. रॅमच्या दुपटीहून मोठी, म्हणजे २० गिगाबाइटची एकच फाइल घ्यावी आणि ‘/J’ हा पर्याय द्यावा, म्हणजे मधली साठवण टळते. शेवटच्या अहवालात वेग दोनदा येतो : एकदा दर सेकंदाला बाइट आणि एकदा दर मिनिटाला मेगाबाइट (१,०२४ च्या पटीतले). या दोहोंत पुष्कळांची गल्लत होते.

रुमालवाला
सेकंदाला सुमारे ३ कोटी ४० लाख बाइट, मिनिटाला १,९४५ मेगाबाइट. म्हणजे पुन्हा ३४ च.

चकती_चिकित्सक
डिस्क शिंगल्ड पद्धतीची असणार. तिच्यात कौलांसारखे एकावर एक चढलेले माग (माहिती लिहिण्याची वर्तुळे) असतात, त्यामुळे एक माग बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. माझ्याकडच्या तशा डिस्कने फार छळले आहे. परत करून टाका.

निवृत्त_अभियंता
निदान घाईचे वाटते. शिंगल्ड डिस्क आधी बरी चालते, तिचा राखीव भाग भरला की मग कोसळते आणि आकडा वरखाली नाचत राहतो. इथे मोठ्या फायलीला पहिल्यापासून शेवटपर्यंत ३४ आहे. वेग असा सपाट असेल, तर अडचण बहुधा चकतीत नसून वाटेत असते. यूएसबी २.० ची कागदोपत्री मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ८ बिटांचा एक बाइट धरून ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३० ते ४० हाती लागतात. केबलचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

खटपट्या
तो मी पहिल्याच प्रतिसादात विचारला होता.

रुमालवाला
डिस्कसोबतची केबल फूटभरच होती, टेबलापर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून मोबाइल चार्ज करण्याची जुनी लांब केबल लावली आहे. ती तिथे व्यवस्थित बसते.

खटपट्या
बसते, हीच तर गोम आहे. त्या डिस्कचे तोंड दोन भागांचे असते. रुंद भागात साधी मायक्रो यूएसबी केबल बसते, पण यूएसबी ३.० च्या जास्तीच्या तारा शेजारच्या अरुंद भागात असतात. तो रिकामा राहिला की पोर्ट कितीही निळे असो, काम २.० च्या वेगानेच चालते.

रुमालवाला
डिस्क स्टुलावर ठेवून मूळ केबल लावली. तीच फाइल, तीच आज्ञा, ११२ मेगाबाइट. सर्वांचे आभार. पण छापलेल्या ५ गिगाबिटचे काय, आणि लहान फायली अजूनही ७ च्या पुढे का जात नाहीत?

निवृत्त_अभियंता
५ गिगाबिट ही रस्त्याची रुंदी आहे. त्या रस्त्यावर ८ बिटांची माहिती १० बिटांत बांधून जाते, म्हणून कमाल ५०० मेगाबाइट उरतात. गाडी मात्र आपल्या चकतीचीच. लहान फायलींचे गणित निराळे आहे. अशा चकतीचे मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा लिहिण्या-वाचण्याच्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, सुमारे ५.६ मिलिसेकंद, थांबावे लागते. डोके सरकण्याचा वेळ त्याहून जास्त. शिवाय प्रत्येक फायलीची नोंद वेगळ्या जागी करायची असते. त्यामुळे एसएसडीवरच फोल्डरची एकच टार फाइल (सगळ्या फायली आकार न दाबता एकत्र बांधलेली) करावी आणि ती उतरवावी. छायाचित्रे जेपेग असतील तर दाबून जागाही फारशी वाचणार नाही.

झटपट
एसएसडीवर हा सगळा खटाटोप लागत नाही.

निवृत्त_अभियंता
एक राहिले. डिस्क बाहेरच्या मागांपासून भरत जाते आणि आतल्या मागांवर एका फेऱ्यात कमी माहिती मावते. शेवटच्या दोनतीनशे गिगाबाइटला ११२ चे ६० झाले, तर पुन्हा केबल बदलू नये.