मदत हवी आहे: झोर्की-४ चा रेंजफाइंडर लांबवर जुळत नाही

मंडळी, सोव्हिएत बनावटीच्या झोर्की-४ या फिल्म कॅमेऱ्यावर ज्युपिटर-८ लेन्स (५० मिमी, एफ/२) लावून वापरतोय. एक मीटरवर रेंजफाइंडरमधल्या (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायची सोय) दोन्ही प्रतिमा चपखल बसतात. लेन्स इन्फिनिटीला (सर्वात लांबच्या फोकसला) नेली की मात्र लांबच्या मोबाइल टॉवरला शेजारी एक फिकट जुळा भाऊ दिसतो. फरक आडवाच आहे. उभ्यात सगळं बरोबर.

लेन्सचा दोष नसावा. मागचं झाकण काढून, फिल्म ज्यांवर टेकते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत) उघडं ठेवून पाहिलं: इन्फिनिटीला टॉवर कागदावर लख्ख येतो. लेन्स माउंटमध्ये शेवटपर्यंत घट्ट बसते. शटरचा कापड पडदा शाबूत आहे, आणि हो, स्पीड मी शटर चढवल्यावरच बदलतो, तेव्हा ते विचारू नका!

जवळपास फिल्म कॅमेऱ्याला हात लावणारा कारागीर नाही. बारीक पेचकस आहेत, पण वरचं झाकण शक्यतो उघडायचं नाही.

रेंजफाइंडरची लांबची जुळणी करणारा इन्फिनिटीचा स्क्रू फिरवला तर जवळची जुळणीही सरकेल ना? मग आधी लेन्समागची जीभ (लेन्सची हालचाल रेंजफाइंडरपर्यंत पोचवणारा कॅमेऱ्यातला भाग) वळवून घ्यायची की स्क्रूपासून सुरुवात करायची? झोर्की-४ वर हे स्वतः केलेलं कुणी आहे का?