मदत हवी आहे : क्रिटिकल पेअर (दोन नियमवापरांतील संघर्षाची लहानात लहान स्थिती) खरी की केवळ भासमान, हे कसे ठरवावे?

सप्रेम नमस्कार. मी नागपुरात एम.टेक.चा प्रकल्प करीत असून, कळमना बाजारात येणाऱ्या संत्र्यांच्या गाड्यांना गाळे नेमून देण्याचे प्रारूप टाइप्ड अ‍ॅट्रिब्यूटेड ग्राफच्या (प्रकार व गुणधर्म असलेले बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या) रूपात मांडले आहे. गाडीला वजन आणि गाळ्याला शिल्लक जागा हे गुणधर्म आहेत; ग्राफ बदलणारा नियम लागू झाला की गाडी गाळ्याशी जोडली जाते आणि जागा तेवढी घटते.

दोन गाड्या एकाच गाळ्यावर आल्या की एजीजी हे ग्राफ-नियम तपासणारे संगणकीय साधन संघर्ष दाखवते, कारण सिद्धांतात गुणधर्म बदलणे म्हणजे जुनी कडा पुसून नवी जोडणे होय. वास्तविक ४० क्विंटल जागेतून १२ आणि ८ कोणत्याही क्रमाने वजा केले तरी २०च उरतात. जागा १५ असेल तर मात्र एकच गाडी मावते आणि निष्पत्ती खरोखरच वेगळी होते. हीच बाब मला फार महत्त्वाची वाटते.

प्रत्येक गाडीला एकदाच गाळा मिळत असल्याने समाप्तीची खात्री आहे, म्हणून न्यूमन यांच्या १९४२ च्या प्रमेयानुसार अंतिम निष्पत्ती एकच येते हे दाखवण्यासाठी स्थानिक संगम (एका पायरीने फुटलेल्या दोन वाटा पुढे पुन्हा एकत्र येणे) सिद्ध करणे पुरेसे ठरेल. परंतु जागा व वजने चलरूपात ठेवून, ‘दोन्ही वजनांची बेरीज जागेपेक्षा जास्त नाही’ ही अट घालून एकाच क्रिटिकल पेअरचे दोन भाग करता येतात का, आणि त्यांतील पहिल्या भागासाठी काटेकोर संगमाची अट (दोन्ही पायऱ्यांत टिकलेले घटक दोन्ही वाटा एकत्र येईपर्यंत तसेच टिकणे) हाताने कशी तपासावी, हे कोणी जाणकार कृपया समजावून सांगतील का?