इन्हेलर आणि पाण्याची बाटली
इन्हेलर महाग, म्हणून सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात सांभाळणं परवडत नाही, हे मत मला पटत नाही. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलच्या एका पंपात, म्हणजे इन्हेलरमध्ये, साधारण 200 डोस असतात. खरा खर्च होतो तो धाप वाढून अ‍ॅडमिट व्हावं लागतं तेव्हा.

माझ्या आईनं कधी विडी ओढली नाही, पण 40 वर्षं चुलीपुढे धुरात काढली आणि तिला सीओपीडी झाला. पंप होता, तरी दर थंडीत भरती ठरलेली, कारण औषध घशातच बसत होतं. केंद्रातल्या सिस्टरांनी तिला समोर पंप मारायला लावला, चूक दाखवली, 500 मिलीच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं पोकळ भांडं, त्यामुळे औषध घशात न बसता फुप्फुसात जातं) करून दिला आणि पुन्हा दोनदा बोलावून तपासलं. दोन हिवाळे झाले, तिला भरती करावं लागलेलं नाही.