रस्ता बंद केला की सर्किट तयार?
"रस्ते आहेतच, भिंती उभ्या केल्या की झालं सर्किट" हे माद्रिदच्या नव्या एफ-वन (फॉर्म्युला वन कार शर्यत) सर्किटवरच्या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते नाही पटलं. त्या सर्किटबद्दलची बाकीची कुरकुर मान्य, तिकडे ट्रॅकचा बराच भाग तर नव्यानेच बांधलेला आहे. पण खऱ्या शहरी रस्त्यावर भिंतींपेक्षा जास्त डोकेदुखी मॅनहोलच्या झाकणांची. एफ-वनच्या गाड्या जमिनीलगत इतकी ओढ निर्माण करतात की सैल झाकण सरळ उचकटून वर येतं, म्हणून ती आधीच वेल्डिंग करून पक्की करावी लागतात.

२०२३ला लास वेगासच्या पहिल्या सरावासाठी मी ऑफिसला दांडी मारून बसलो होतो. सराव चालला जेमतेम आठ-नऊ मिनिटं! पाण्याच्या व्हॉल्व्हवरच्या झाकणाने ड्रायव्हर कार्लोस साइन्झच्या फेरारीचं बूड फोडलं. वर बॅटरी बदलावी लागली म्हणून त्यालाच सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे जाण्याची शिक्षा. पात्रता फेरीत दुसरा आलेला गडी बाराव्या जागेवरून सुटला. २०१९ला अझरबैजानच्या बाकूत जॉर्ज रसेलच्या विल्यम्स गाडीचंही झाकणानेच असं केलं होतं, आणि ती गाडी उचलून नेणारी क्रेन पुढे पुलाला धडकली, तिचं तेल गाडीवरच सांडलं.