पांझराकाठ परिवार ग्रुप: पॉइंटवरची खोली

शनिवार, रात्री ९ नंतर

प्रशांत (न्यू जर्सी): नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यातल्या ऑरलँडोच्या डिस्ने सहलीचं बोलायचंय. नाना-माई येणारच आहेत. संदीप, तुम्ही चौघं नक्की ना? राहण्याचं आत्ताच ठरवावं लागतंय. माझ्या ऑफिसातला एक जण डिस्ने व्हेकेशन क्लबचा मेंबर आहे, त्याचे पॉइंट शिल्लक आहेत, आपल्याला भाड्याने देतो म्हणतोय. डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किडानी व्हिलेजमध्ये दोन बेडरूमचा व्हिला. ९ जण झोपतात, स्वयंपाकघर आहे, ३ बाथरूम आहेत.

माई: तीन बाथरूम हे फार बरं. नाशिकच्या लग्नात काय हाल झाले ते मलाच माहीत.

मनीषा: मी गौरी. खिडकीतून जिराफ दिसतो का काका???

प्रशांत: सव्हाना व्ह्यूची, म्हणजे जनावरांच्या माळरानाकडे तोंड असलेली खोली घेतली तर गॅलरीतूनच दिसतो. झेब्रे पण.

मनीषा: काका घ्या घ्या घ्या

बापू: रावेरला आज केळीला भाव बरा निघाला.

नाना: हाई पॉइंट काय भानगड शे रे भो? पेट्रोल पंपवर भेटतस ते का?

प्रशांत: नाही नाना. हा क्लब १९९१ पासून आहे. माणूस एकदाच मोठी रक्कम भरून पॉइंट विकत घेतो. मग करार संपेपर्यंत दरवर्षी तेवढे पॉइंट त्याच्या खात्यात पडतात. किडानीवाल्यांचा करार २०५७ पर्यंत आहे. त्या पॉइंटमधून राहायच्या रात्री घ्यायच्या. खोली मोठी तर पॉइंट जास्त, नाताळात जास्त, सप्टेंबरात कमी. एखाद्या वर्षी जाणं जमलं नाही तर पॉइंट पुढच्या वर्षात ढकलता येतात, पण मुदतीच्या आत आणि एकदाच. नाहीतर बुडाले. देखभालीचे पैसे मात्र जा न जा, दरवर्षी भरायचेच. म्हणून ज्यांना जमत नाही ते भाड्याने देतात.

आक्का (नंदुरबार): प्रशांत, या वाटेला जाऊ नको बाळा. आमच्या ह्यांनी एकदा मॉलमध्ये कुपन भरलं होतं. फोन आला, लकी ड्रॉ लागला, जोडीने या, जेवण फुकट. जेवण फुकट होतं, पण चार तास उठू दिलं नाही. शेवटी अशाच एका सुट्टीच्या क्लबवर सही करूनच आलो, २५ वर्षांसाठी. मे महिन्यात पोरांना सुट्टी, तेव्हा फोन केला की खोली नाही. पावसाळ्यात हवी तेवढी. आणि मेंटेनन्सचं बिल न चुकता हजर.

संदीप: आक्का, त्या जेवणात गुलाबजाम होते हे तू दर वेळी सांगायचीस 😄

आक्का: होते. दोनच.

प्रशांत: आक्का, आपण विकत घेतच नाही. घेतलेल्या माणसाकडून पाच रात्रींपुरतं भाड्याने.

नाना: आते माले समजनं. हाई आपला फडना मायेक शे.

नाना: पोरांना कळावं म्हणून शुद्धमध्ये लिहितो. पांझरेवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, म्हणजे पाळीने भिजणारी सगळ्यांची वावरं. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा, पाळी लावेल तेव्हा पाणी घ्यायचं. तुझी पाळी आली आणि तुझं वावर तयार नसलं, तर ते पाणी माठात भरून पुढच्या सालासाठी ठेवता येत नाही. शेजाऱ्याच्या वाफ्यात गेलं तर त्याचं भलं, नाहीतर वाहून गेलं. तुझ्या मित्राचं तेच झालंय. तो उपकार करत नाहीये, वाहून जाणाऱ्या पाण्याचे दोन पैसे करतोय. तेव्हा भाव करायला लाजू नको. आणि दुसरं विचार. वहीत नाव कोणाचं राहील?

प्रशांत: नाना, तुम्ही नेमकं तेच विचारलंत. बुकिंग त्याच्याच खात्यातून होणार. पाहुणे म्हणून आपली नावं लागतात, आपल्या ॲपमध्ये बुकिंग दिसतं, पोहोचलो की खोली आपल्याला मिळते. पण बदलायचं किंवा रद्द करायचं तर फक्त तोच करू शकतो.

नाना: मंग पाटकरी आपलं ऐकाव नही.

प्रशांत: नाही ऐकणार.

हर्षल (पुणे): दादा, ऑफिसातला आहे म्हणून ठीक. इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाकडून घेऊ नकोस. मधले ब्रोकर असतात, त्यांच्यामार्फत घेतलं तर ते मालकाला काही पैसे आधी आणि बाकीचे आपण तिथे पोहोचल्यावर देतात. पॉइंटमागे दोन-चार डॉलर जास्त जातात, पण झोप लागते.

बापू: म्हणजे अडत्या. अडत्या आला की हमाली-तोलाई पण आली.

माई: स्वयंपाकघरात तवा असतो का? नाहीतर मी आणते. कळण्याचं पीठ पण आणते.

अश्विनी (न्यू जर्सी): माई, शेगडी, फ्रीज, भांडी, कपडे धुवायचं मशीन सगळं असतं. तवा तेवढा आणा, तिथल्या पॅनवर भाकरी फुगत नाही. केळी मात्र आणू नका, ताजी फळं विमानतळावरच काढून घेतात. बापूकाकांना सांगून ठेवा.

बापू: वेफर्स चालतील ना?

अश्विनी: पाकीटबंद वेफर्स चालतील.

रविवार, सकाळ

मनीषा: शुभ सकाळ. रात्री पोरं झोपल्यावर हिशेब मांडला. प्रशांतभाऊजी, राग मानू नका, जरा लांबण लागेल.

पॉइंटला साधारण २० डॉलर भाडं. जिराफवाल्या खोलीला रात्रीचे ५० पॉइंट धरले. ५ रात्री, २५० पॉइंट, ५,००० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर साडेचार लाख. हीच खोली हॉटेलकडून थेट घेतली तर रात्रीचे १,४०० धरले तरी ७,००० होतात. म्हणजे १ लाख ८० हजार वाचले. इथपर्यंत भाऊजींचं बरोबर.

पण आपण ७,००० ची खोली घेणार होतो का? कधीच नाही. मग वाचले कुठे? पैठणीवर तीस टक्के सूट मिळाली म्हणून घरी पैसे येत नाहीत, पैठणी येते. डिस्नेच्या बाहेर किसिमी नावाचं गाव आहे. तिथे चार बेडरूमचं, मागे पोहायचा हौद असलेलं घर रात्रीला २५० च्या आसपास दिसतंय. सफाईचे वेगळे धरले तरी पाच रात्रींचे दीड हजारात भागतं. गाडी तर भाऊजींना तशीही भाड्याने घ्यायचीच आहे.

पार्कची तिकिटं दोन्हीकडे वेगळीच, ती या पॉइंटमध्ये येत नाहीत. आणि ती स्वस्त नाहीत. एका दिवसाचं एका माणसाचं १०० डॉलरच्या वर. तुमचा अद्वैत तीनचा झालेला नसेल, तो फुकट. आमच्या ओमचं मुलांचं तिकीट. गौरी २२ मे ला दहाची होते आणि दहापासून मोठ्यांचं तिकीट लागतं, म्हणून २२ च्या आत जाऊन यायचं.

संदीप: नऊची आहे म्हणून सांगू. एस.टी.त चालतंच की.

मनीषा: पासपोर्टवर जन्मतारीख असते. आणि दोन्ही तिकिटांत फरक इतका थोडा आहे की खोटं बोलायची मजुरीही सुटणार नाही.

नाना: एस.टी.मा माले फुकट शे. तठे ७५ वालास्ले काय?

प्रशांत: नाना, तिकडे ज्येष्ठांना सवलत नाही. पूर्ण तिकीट.

नाना: इतला मोठा देश आन् इतली कंजुषी.

प्रशांत: वहिनी, हिशेब चोख आहे. पण दोन गोष्टी राहिल्या. आत राहिलं की हॉटेलच्या बस फुकट, पार्किंगचे पैसे नाहीत, आणि पार्क अर्धा तास आधी उघडतो आपल्यासाठी. तो अर्धा तास म्हणजे पहिल्या दोन राइड कमी रांगेत. शिवाय दुपारी एकला नाना-माईंना खोलीवर आणून झोपवता येतं. किसिमीहून येऊन-जाऊन दीड तास मोडतो. मे मध्ये तिकडे ऊन असतं.

बापू: ऊन भुसावळवाल्याला सांगतोस?

प्रशांत: काका, आपलं ऊन कोरडं. तिकडचं घामाचं. कूलरवाल्यांची तिथे दाणादाण उडते.

अश्विनी: आणि रोज खोली आवरायला कोणी येत नाही हे पण सांगा ना. पॉइंटवर राहणाऱ्यांना चौथ्या दिवशी टॉवेल बदलून मिळतात आणि कचरा नेतात, बस. नऊ माणसांची भांडी मी घासणार नाहीये.

हर्षल: वहिनींचा मुद्दा बरोबर. भांड्यांचा पण, हिशेबाचा पण. जिराफच बघायचा असेल तर एक युक्ती सांगतो. किडानीमध्येच खालच्या मजल्यावर साना नावाचं हॉटेल आहे, खायचं हॉटेल. बाहेरून आलेल्यांनाही जेवता येतं. काचेतून समोर तेच माळरान, तेच झेब्रे. आफ्रिकी-भारतीय जेवण, नानच्या टोपलीबरोबर चटण्या येतात. टेबल आधी बुक करायचं. दुपारच्या एका जेवणात जिराफ वसूल.

मनीषा: (गौरी रडतेय. जिराफ रात्री दिसायला हवा म्हणे.)

माई: रात्री जिराफ झोपतो बाई.

आक्का: प्रशांत, एक विचारू? आजारपण निघालं, जाणं रद्द झालं, तर पैसे परत मिळतात का? आमच्या कंपनीने तर नाही दिले.

प्रशांत: नाही आक्का. भाड्याच्या करारात बहुतेक तसंच असतं. शेवटच्या ३० दिवसांत रद्द केलं तर मालकाचे पॉइंटसुद्धा अडकतात, मग ते फक्त ६० दिवसांच्या आतल्या रिकाम्या खोल्यांसाठीच वापरता येतात. म्हणून तोही आपल्याला काही देऊ शकत नाही. स्वस्त मिळतं ते याचसाठी.

मनीषा: एक मिनिट. म्हणजे आज ५,००० डॉलर दिले तर ते गेलेच. आणि आमच्या चौघांचा व्हिसा?

प्रशांत: ...

संदीप: त्याचा फॉर्म भरायचाय.

मनीषा: नाना-माईंचा दहा वर्षांचा आहे, त्यांचं ठीक. आमचा नाही. मुलाखतीची तारीख कधी मिळेल देव जाणे, आणि मिळाली तरी देतील का नाही तेही तोच जाणे. अमेरिकेचं सरकार स्वतः सांगतं की व्हिसा हातात पडेपर्यंत तिकिटं-बिकिटं पक्की करू नका. आणि आपण नऊ माणसांची, परत न मिळणारी खोली घेतोय. चौघांचा व्हिसा नाकारला तर नाना, माई आणि तुम्ही तिघं तीन बाथरूममध्ये.

माई: मला एक पुरतं.

नाना: मनीषा बरोबर बोलस. पेरणी व्हयनी नही आन् आपन मळनीनं यंत्र ठरावतस.

प्रशांत: हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी घाई अशी की किडानीचं मालकपण ज्यांच्याकडे आहे त्यांना ११ महिने आधी बुक करता येतं, बाकीच्या मेंबरांना ७ महिने आधी. मे महिन्यासाठी बाकीच्यांना दार ऑक्टोबरात उघडतं. म्हणून म्हटलं आत्ता आपल्याला रान मोकळं आहे.

हर्षल: मग ऑक्टोबरपर्यंत थांबा. तोवर व्हिसा आला तर कुठल्याही मालकाचे पॉइंट चालतील, जे रिसॉर्ट उरलं असेल ते घ्या. आणि अगदी शेवटी-शेवटी ज्यांचे पॉइंट मुदत संपून बुडणार असतात ते तयार बुकिंगच कमी भावात काढतात. नानांच्या भाषेत, पाळी संपत आली की कोणीही पाणी घ्या.

बापू: बाजार उठायच्या वेळची भाजी.

हर्षल: तसंच. पण मग निवडीला वाव नाही. जिराफऐवजी पार्किंग दिसेल.

मनीषा: माझं ठरलं. किसिमीचं घर आज बुक करा, पण पैसे परत मिळणारंच. तशी घरं असतात, थोडी महाग. व्हिसा आला आणि ऑक्टोबरात पॉइंट बरे मिळाले तर दोन रात्री आत राहू, तीन बाहेर. नाही मिळाले तर साना. गौरीशी मी बोलते.

संदीप: दोन रात्रींना सामान हलवायचं?

मनीषा: तुम्ही हलवायचं.

प्रशांत: चालेल. मित्राला सांगतो थांब म्हणून. तो दुसऱ्याला देईल बहुतेक.

नाना: देवू दे. पानी कोनाबी वावरमा जावो.

प्रशांत: संदीप, मग फॉर्म आजच घे. चौघांचे पासपोर्ट नंबर मला पाठव, मी बसतो तुझ्यासोबत.

संदीप: माझा आणि मनीषाचा पाठवतो.

मनीषा: आणि पोरांचे?

मनीषा: अहो. मागच्या दिवाळीत पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात गेला होतात ना तुम्ही?

संदीप: गेलो होतो. ओमचा जन्माचा दाखला विसरलो होतो, मग ते राहिलं.

मनीषा: गौरीची मम्मी हा फोन ठेवत आहे.

माई: हे कोणी लिहिलं?

मनीषा: गौरीने. संदीप, माळ्यावरची निळी पेटी काढा, दाखला त्यात आहे.