वेगाची सवय मोडायची कशी? (रागावू नका, उपाय सांगा)

पाचवा_गिअर:
नमस्कार मंडळी. गाडी चालवायला लागून बरीच वर्षं झाली. आजवर अपघात नाही, गाडीवर मोठा ओरखडाही नाही. पण रस्ता मोकळा दिसला की काटा शंभरच्या पुढे कधी सरकतो ते कळतच नाही. घाईत असताना असं झालं तर एक वेळ समजू शकतो. सुट्टीच्या दिवशी, कुठेही वेळेवर पोचायचं नसतानाही तेच. बायको शेजारी बसली की तिचा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. हल्ली ती मागे बसते. "इथून काटा दिसत नाही, बरं वाटतं" म्हणते.

"हळू चालव" हे मलाही माहीत आहे, निघताना रोज ठरवतोसुद्धा. थोडा वेळ पाळलं जातं, मग डोक्यात ऑफिसचं काहीतरी सुरू होतं आणि पाय आपल्या जुन्या जागी. ज्यांची ही सवय खरंच सुटली त्यांनी काय केलं ते सांगा. अपघातांचे फोटो कृपया टाकू नका. ते बघून चार दिवस धाक राहतो, पुढे काही नाही.

मधली_लेन:
दहा मिनिटं आधी निघा. माझा निम्मा वेग उशिरा निघण्यामुळे होता.

रात्रपाळी:
वरच्याला +१, पण धागाकर्ते सुट्टीच्या दिवशीही पळवतात म्हणतायत, त्याला हा उपाय लागू नाही. मी फोनमध्ये वेग ओलांडला की शिटी वाजेल असं ॲप टाकलं होतं. सुरुवातीला दचकायचो. आता शिटी वाजते आणि मला ऐकू येत नाही, फक्त मुलांना येते.

दुहेरी_ब्रेक:
मी गाडी शिकवतो. नवशिक्यांपेक्षा पंधरा-वीस वर्षं चालवलेले लोक माझ्याकडे जास्त येतात, कारण कंपन्या आपल्या ड्रायव्हरांना पाठवतात. तुमच्यासारखे खूप पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"हळू चालवायचं" असं ठरवून काही होत नाही, कारण हळू म्हणजे किती हे आपण अंदाजाने ठरवतो आणि तो अंदाजच बिघडलेला असतो. बराच वेळ शंभर-एकशे वीसने गेल्यावर गाडी साठवर आणा, रांगतोय असं वाटेल. डोळ्यांना वेगाची सवय होते. त्यात आजच्या गाड्या इतक्या शांत आहेत की इंजिनाचा, वाऱ्याचा आवाज कानापर्यंत नीट येतच नाही. तुमचा पाय हट्टी आहे असं मला वाटत नाही. त्याला खबर चुकीची मिळते आहे.

शेजारी बसून एक गोष्ट नेहमी दिसते. वेगाने चालवणाऱ्याची नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर खिळलेली असते. मध्ये मोकळी जागा दिसली की ती भरून काढायची, ही त्याची खरी सवय. वेग त्यातून आपोआप येतो. म्हणून मी वेगाबद्दल बोलतच नाही, अंतराबद्दल बोलतो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. ते संपायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात याच्या दुप्पट ठेवा.

इथे प्रत्येक जण मला म्हणतो, "अहो सर, एवढी जागा सोडली तर कोणीही मध्ये घुसतो." घुसू दे. पुन्हा मागे सरा. एक गाडी मध्ये आल्याने तुमचे दोन-तीन सेकंद जातात, म्हणजे दहा घुसल्या तरी अर्धं मिनिट. लोकांना ते अर्धं मिनिट खुपत नाही, कोणीतरी आपल्या पुढे गेला हे खुपतं. हे एकदा स्वतःशी कबूल केलं की अर्धं काम झालं असं माझं मत.

आता वेळ किती वाचतो ते बघा. दहा किलोमीटरला साठच्या वेगाने दहा मिनिटं लागतात, ऐंशीने साडेसात, शंभरने सहा, एकशे वीसने पाच. म्हणजे साठवरून ऐंशीला गेलात तर अडीच मिनिटं हातात येतात, पण शंभरवरून एकशे वीसला गेलात तर एकच. तेही वाटेत सिग्नल नाही, ट्रक नाही, वळण नाही असं धरून. वरच्या वेगात मिळकत आटत जाते आणि खर्च वाढत जातो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरला जेवढा असतो त्याच्या जवळजवळ दीडपट एकशे वीसला. पेट्रोल तिथे जातं.

ब्रेकचं गणित मी फळ्यावर मांडतो तेव्हा वर्ग गप्प होतो. दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी आहेत, एक ऐंशीने, दुसरी शंभरने. पुढे अडथळा दिसला. दोघांना सावरायला एक-एक सेकंद लागला आणि कोरड्या रस्त्यावर दोघांनी सारखाच जोरदार ब्रेक दाबला. ऐंशीवाली साधारण 57 मीटरवर थांबते. शंभरवाली त्याच जागी अजून ताशी 68 किलोमीटरच्या आसपास वेगात असते. फरक वीसचा वाटला होता ना? वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेकना तीच सगळी जिरवायची असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

"माझा हात चांगला आहे" हेही सगळ्यांकडून ऐकतो. ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने 1981 मध्ये लोकांना विचारलं होतं की इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी कशी चालवता. अमेरिकेतल्या गटात 93 टक्के लोकांनी स्वतःला कौशल्यात वरच्या अर्ध्यात बसवलं.

करून बघायचं ते असं. सगळे रस्ते एकदम सुधारायला जाऊ नका. रोजचा एकच रस्ता घ्या. त्यावर वेगमर्यादेची पाटी दिसली की आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लगेच काट्याकडे बघायचं. गाडीत एकटे असताना वेड्यासारखं वाटेल, वाटू दे. मनातल्या मनात म्हटलेलं विसरतं. ओव्हरटेकची लेन काही आठवडे पूर्ण सोडा. नुसती पाहिली तरी पाय तिकडे ओढतो. कंटाळा येईल, आणि तुमची खरी लढाई त्या कंटाळ्याशी आहे. तुम्ही घाईने पळवत नाही, करमत नाही म्हणून पळवता. ऐकायला काहीतरी बोलकं लावा, मुलाखत, गोष्ट, काहीही. ठेक्याची गाणी तेवढी नकोत.

बायकोला पुन्हा पुढे बसवा. तो फुकटचा ब्रेक आहे.

सरळ_रेषा:
हे सगळं ठीक, पण संथ चालवणारेच जास्त धोकादायक असतात. उजवी लेन अडवून चाळीसने जाणाऱ्यांचं काय?

दुहेरी_ब्रेक:
उजवी लेन अडवणारा चुकतोच, वाद नाही. सगळे एका वेगात असताना मध्येच एक फार हळू किंवा फार जोरात गेला की धोका वाढतो. त्याचा उपाय म्हणजे त्याने डावीकडे सरकणं. तुम्ही एकशे वीस गाठणं हा उपाय कसा होतो, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

रात्रपाळी:
फळ्यावरचं गणित मुलाकडून तपासून घेतलं. बरोबर आहे. तो आता शिटीऐवजी "68!" असं ओरडतो, आणि ते मात्र ऐकू येतं.

पाचवा_गिअर:
सर, मनापासून आभार. करमत नाही म्हणून पळवता, हे वाचून जरा लागलं, पण खरं आहे. खांब मोजून पाहिला. माझं "एकशे एक" पुरं होत नाही. एक शंका: गाडीत स्पीड लिमिटर आहे, कधी वापरला नाही. तो लावून ठेवला तर चालेल का? अचानक वेग लागला तर अडकायला होईल अशी भीती वाटते.

दुहेरी_ब्रेक:
जरूर लावा. क्रूझ कंट्रोल आणि तो वेगळा. क्रूझ वेग धरून ठेवतं, लिमिटर फक्त वरची मर्यादा घालतो, पाय तुमचाच राहतो. बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की तो बाजूला होतो, त्यामुळे अडकणार नाही. तरी तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या. उतारावर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनाची ताकद तोडतो, ब्रेक लावत नाही, म्हणून गाडी आकड्याच्या वर जाऊ शकते. तिथे खालचा गिअर टाका.