मदत हवी आहे: मालिकेतले शॉट मोजायचे कसे?

मुंबईत मीडिया स्टडीजच्या पहिल्या वर्षासाठी सराव तयार करतेय. ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटातला कोर्टातला प्रसंग आणि मराठी मालिकेतला 5 मिनिटांचा तुकडा, दोन्हींची सरासरी शॉटलांबी काढायची: एकूण सेकंद भागिले शॉट. चित्रपटात कॅमेरा स्थिर, शॉट लांब, काहीच अडत नाही.

घोळ मालिकेत होतो. सासू बोलली की सुनेचा तोच क्लोजअप तीनदा, दर वेळी झूम वाढवून, मध्ये पांढरा फ्लॅश. कोणी हे 3 शॉट धरतं, कोणी 1. 300 सेकंदांत 60 शॉट धरले तर सरासरी 5 सेकंद, 75 धरले तर 4. अशा प्रसंगांत सगळा निष्कर्षच हलतो.

कट ओळखणारं सॉफ्टवेअर वापरून झालं: ते फ्लॅशलाही कट समजतं, थ्रेशोल्ड (चित्रात किती बदल झाला की कट धरायचा ती मर्यादा) वाढवला तर खरे कट निसटतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन कट स्पष्ट दिसतात, पण व्याख्येचा प्रश्न तिथेच राहतो. मुलांकडे फक्त मोबाइल आहेत, वेळ एका तासिकेचा, म्हणून नियम एका वाक्यात सांगता यायला हवा.

टेक (कॅमेऱ्याने सलग केलेलं एक चित्रण) एकच पण कट तीन, अशा वेळी तुम्ही वर्गात काय मोजायला सांगता? आणि पुनरावृत्तीसाठी तक्त्यात वेगळा रकाना ठेवता का?